विसरलेले क्रमांक

१९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधींचा शेवटचा आजार चालू होता. दीड वर्षाची स्थानबद्धता, हृदयविकाराचे झटके, जुनाट खोकला, आणि या सगळ्यावर कडी म्हणून न्यूमोनिया. देवदास गांधींच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणवलं गेलं. तेव्हा हे औषध दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी राखून ठेवलेलं असे. सामान्य माणसाने वर्तमानपत्रात त्याचं नाव वाचलेलं असलं तरी पुष्कळ. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बा गेल्या.

इंजेक्शन दिलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, यावर आजही अधूनमधून वाद रंगतो. हृदयच थकलेलं असताना एका औषधाने कितपत साधलं असतं, हे सांगणं कठीण. गांधीजींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी ती खुशाल भागवावी. मला त्या न वापरलेल्या औषधाशी कर्तव्य आहे. कारण पुढच्या अकराच वर्षांत पुण्याच्या वेशीवर ते कारखान्यात तयार व्हायला लागलं, आणि न्यूमोनियाविषयीचं डॉक्टरांचं एक जुनं ज्ञान त्याने जवळजवळ पुसून टाकलं.

दोन योगायोग इथेच सांगून टाकतो. कस्तुरबांना स्थानबद्ध करणाऱ्या सरकारचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल हे स्वतः दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९४३ मध्ये, ट्युनिशियात न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले होते. ते बरे झाले ‘एम अँड बी’ या सल्फा गोळ्यांनी. दुसरा योगायोग जास्त महत्त्वाचा. १ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आनुवंशिक गुण डीएनएमधून जातात, हे त्यात पहिल्यांदा पुराव्याने दाखवलं होतं. त्यासाठी त्यांनी निवडलेला जंतू होता न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा सगळ्यात मोठा जंतू. एका न्यूमोकोकसचा डीएनए दुसऱ्याच्या आसपास सोडला तर दुसरा तो उचलतो आणि पहिल्यासारखा होतो, असा तो प्रयोग. न्यूमोकोकसची ही उचलेगिरी पुढे पेनिसिलिनवरच उलटणार होती. पण त्या महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये काय किंवा पुण्यात काय, तशी शंका कुणालाही येणं शक्य नव्हतं.

आता थोडं मागे जायला हवं.

न्यूमोकोकस बहुतेक वेळा उपद्रव देत नाही. लहान मुलांच्या नाकाघशात तो मुकाट्याने राहतो, एकाकडून दुसऱ्याकडे जातो, काही आठवड्यांनी नाहीसा होतो. फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया, रक्तात शिरला तर सेप्सिस, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेनिंजायटिस. त्याची सगळी ताकद अंगावरच्या कवचात आहे. साखरेच्या लांब साखळ्यांचं हे कवच असलं की शरीरातल्या पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. कवचाच्या रचनेत मात्र फरक असतात, आणि एका रचनेविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दुसरीवर सहसा चालत नाहीत. अशा शंभराहून अधिक रचना आज ठाऊक आहेत. त्यांना क्रमांक दिलेले आहेत : १, ५, ६बी, १४, १९एफ, २३एफ.

हे क्रमांक देण्याची सुरुवात जर्मनीत झाली. १९०२ मध्ये फ्रेड नॉयफेल्डने दाखवलं की जंतूवर त्याच्याच प्रकाराचा प्रतिरक्तद्रव टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली कवच फुगल्यासारखं दिसतं. दुसऱ्या प्रकाराचा टाकला तर काही होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आसपास रॉकफेलरच्या डॉक्टरांनी त्यावरून उपचार बेतला. घोड्यांना जंतू टोचायचे, त्यांच्या रक्तातला द्रव काढायचा आणि रोग्याला द्यायचा. पण पहिल्या प्रकाराच्या न्यूमोनियाला पहिल्याच प्रकाराचा द्रव लागे. म्हणून औषधाआधी क्रमांक हवा : थुंकी घ्या, उंदराला टोचा, वाट बघा, प्रकार ओळखा, मग बाटली उघडा. तीसच्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या रुग्णालयांत हे रोजचं काम होतं.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडकडे यातलं काही पोचण्याचा प्रश्नच नव्हता. घोडनदीकाठचं शिरूर हे इंग्रजांचं जुनं लष्करी ठाणं, आणि दौंड हे रेल्वेने घडवलेलं गाव. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासून मोठं जंक्शन. गाड्यांबरोबर माणसं आली, माल आला आणि साथीही आल्या. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत उतरलेला इन्फ्लुएन्झा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत दख्खनभर पसरला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. आजच्या महाराष्ट्राची लोकसंख्या विसाव्या शतकात एकदाच घटलेली दिसते, ती १९११ ते १९२१ या दशकात. इन्फ्लुएन्झाचा त्यात मोठा वाटा आहे. त्या साथीतल्या मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांची पुढे अनेक दशकांनी तपासणी झाली. फ्लूच्या विषाणूने वाट मोकळी करून दिली आणि मागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने बहुतेकांचा जीव घेतला, असं त्यातून निघालं. त्या जंतूंत न्यूमोकोकस पुढच्या रांगेत होता.

दौंड तालुक्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये, ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाई गेल्या. कारण श्वासनलिकांचा जंतुसंसर्ग. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणि नंतरच्या प्लेगमधून शेकडो मुली-बायकांना सांभाळून आणलेल्या बाईंच्या उशाशी छातीच्या संसर्गावर देण्यासारखं औषध नव्हतं, कारण ते जगातच नव्हतं. आळशीचं पोटीस, शेक, काढा आणि वाट बघणं. न्यूमोनियाचा ताप सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान एकदम उतरे किंवा माणूस हाती लागत नसे, म्हणून घरचे दिवस मोजत बसत.

१९३८ मध्ये एम अँड बी ६९३ आली आणि दिवस मोजणं संपलं. पाठोपाठ पेनिसिलिन. दोन्ही औषधं कवचाचा क्रमांक विचारत नव्हती. पहिला असो की चौदावा, जंतू मरत होता. घोड्यांचे द्रव कपाटात गेले, उंदीर सुटले, आणि प्रकार ओळखण्याची विद्या एका पिढीत बहुतेक रुग्णालयांतून नाहीशी झाली. ते साहजिकच होतं. जे न करता रोगी बरा होतो ते कोण करत बसेल?

पुणे जिल्ह्याच्या वाट्याला या उलथापालथीतली एक मानाची जागा आली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफचं साहाय्य, तांत्रिक मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेचं, जागा पिंपरी. १९५५ मध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. तोवर पिंपरी म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत आणि भोवती शेती. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी उभी राहिली ती नंतर. ‘एच.ए.’ची वसाहत, तिची शाळा, तिचं मैदान यांची नावं त्या भागातले जुने लोक अजून आपुलकीने घेतात. कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढलं, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची कोरली गेली. आपल्या मातीचं असं कौतुक क्वचितच होतं.

पेनिसिलिन स्वस्त झालं, गावागावात पोचलं. पाठोपाठ टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल. ‘सुई मारली की माणूस उठतो’ हा ग्रामीण महाराष्ट्राचा सुईवरचा विश्वास याच काळात पक्का झाला. त्याला अडाणीपणा म्हणणारे शहरी लोक एक गोष्ट विसरतात : तो अनुभवातून आलेला होता. ज्यांनी आपल्या घरात नवव्या दिवशी माणूस गेलेला पाहिला होता, त्यांनीच पुढच्या खेपेला तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला पाहिला.

एच.ए.ची पुढची कथा आनंदाची नाही. परदेशी, मुख्यतः चिनी पेनिसिलिन इतकं स्वस्त झालं की पिंपरीत ते बनवणं परवडेना. शतक सरता सरता कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला आणि नंतरच्या चर्चा त्याच्या जमिनीच्या किमतीभोवती फिरू लागल्या.

आणि जंतू? १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात एका रुग्णाच्या न्यूमोकोकसने पेनिसिलिनला नेहमीपेक्षा कमी दाद दिली. पुढे न्यू गिनीतही असे जंतू सापडले. बहुतेकांनी तो अपवाद मानला. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दर्बानला मुलं दगावली तेव्हा मात्र जग जागं झालं. त्यांचे जंतू पेनिसिलिनलाही जुमानत नव्हते आणि क्लोरॅम्फेनिकॉललाही. जोहान्सबर्गमध्ये तर एकाच वेळी कित्येक औषधांना तोंड देणारा न्यूमोकोकस सापडला. त्याचं कवच १९ए. विसरलेले क्रमांक पुन्हा कामाला आले ते इथून.

न्यूमोकोकस पेनिसिलिनचा प्रतिकार कसा करतो, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. इतर काही जंतू पेनिसिलिन फोडणारा पदार्थ बनवतात. हा तसं करत नाही. आपली पेशीभिंत विणणारी जी प्रथिनं पेनिसिलिन पकडतं, ती प्रथिनंच तो बदलून टाकतो. बदलासाठी लागणारे जनुकांचे तुकडे तो घशातल्याच शेजाऱ्यांकडून, स्ट्रेप्टोकोकस मायटिससारख्या निरुपद्रवी जंतूंकडून उचलतो. एव्हरीने १९४४ मध्ये दाखवलेली उचलेगिरी ती हीच. यातली खरी गंमत पुढे आहे. या प्रथिनांची दोन महत्त्वाची जनुकं न्यूमोकोकसच्या गुणसूत्रावर नेमकी कवचाच्या जनुकांच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहेत. त्यामुळे डीएनएचा एक मोठा तुकडा उचलला गेला की एका झटक्यात कवचही बदलू शकतं आणि औषधाला दाद न देण्याची ताकदही येऊ शकते.

म्हणून आजची प्रयोगशाळा न्यूमोकोकसला दोन प्रश्न विचारते. कवच कोणतं, आणि वंश कोणता? कवच हा अंगरखा आहे. तो बदलता येतो. वंश ठरवण्यासाठी १९९८ पासून सात ठरावीक जनुकांचे क्रम वाचून क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली, आणि आता तर सगळा जीनोमच वाचला जातो. स्पेनमध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला २३एफ कवचाचा एक प्रतिकारक वंश काही वर्षांत खंडोखंडी सापडला. आशियात ३२० क्रमांकाच्या वंशगटाने १९एफ आणि १९ए असे दोन्ही अंगरखे वापरून धुमाकूळ घातला. भारतीय नमुन्यांतही तो ठळकपणे दिसतो.

भारतात न्यूमोकोकसचा असा शोध घ्यायला नव्वदचं दशक उजाडलं. त्याआधी गडचिरोलीत एक वेगळी लढाई झाली होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे आकडे समजत नाहीत. १९८८-८९ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलांचा श्वास मोजायला शिकवलं. दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, त्यापुढच्या मुलाचा ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजायचा आणि को-ट्रायमॉक्साझोल द्यायचं. क्ष-किरण नाही, रक्ततपासणी नाही. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ मुलांपैकी दगावली ०.८ टक्के, तुलनेसाठीच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्याने जगाच्या धोरणाला दिशा दिली. आपल्याकडेही उपकेंद्रातल्या नर्सताईच्या पेटीत को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या आल्या.

१९९३ ते १९९७ या काळात देशातल्या सहा मोठ्या रुग्णालयांनी मिळून न्यूमोकोकसची पाहणी केली. महाराष्ट्रातून नागपूर त्यात होतं. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. ३१४ जंतूंपैकी पेनिसिलिनला अजिबात दाद न देणारा असा एकही नाही. थोडाफार प्रतिकार १.३ टक्क्यांत. पण को-ट्रायमॉक्साझोलला ५६ टक्के जंतू जुमानत नव्हते. गडचिरोलीच्या यशात वापरलेलं औषध निम्म्याहून जास्त जंतूंपुढे बोथट झालं होतं! प्रयोगशाळेत बोथट ठरलेलं औषध प्रत्येक मुलात निकामी ठरतंच असं नाही, शिवाय न्यूमोनियाचे सगळेच रुग्ण न्यूमोकोकसचे नसतात. पण दिशा स्पष्ट होती. २०१४ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात अमॉक्सिसिलिन पहिल्या पसंतीला आलं.

२०११ ते २०१५ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांची, १८ रुग्णालयांतली पुढची मोठी पाहणी झाली. आता पेनिसिलिनला दाद न देणारे ८ टक्के, एरिथ्रोमायसिनला ३७ टक्के आणि को-ट्रायमॉक्साझोलला ६६ टक्के. सगळ्यात जास्त दिसलेली कवचं १४, १, ५ आणि १९एफ. दोन पाहण्यांतल्या पेनिसिलिनच्या आकड्यांची तुलना जरा जपून करावी लागते. २००८ मध्ये प्रमाण मानल्या जाणाऱ्या अमेरिकी संस्थेने मोजण्याची रेषाच बदलली : मेनिंजायटिससाठी कडक, न्यूमोनियासाठी सैल, कारण मेंदूच्या आवरणात औषध कमी पोचतं आणि फुप्फुसात भरपूर. एरिथ्रोमायसिनच्या आकड्याला मात्र अशी काही सबब नाही. अझिथ्रोमायसिन हे त्याचंच भावंड. तीन गोळ्यांची ती पट्टी औषधाच्या कोणत्याही दुकानात ओळखीची आहे, सर्दीलाही घेतली जाते, आणि तो ३७ टक्क्यांचा आकडा तिच्यापासून वेगळा काढता येत नाही.

या कवचांची नीट बघितली तर दोन घराणी दिसतात. १ आणि ५ क्रमांकाचे जंतू नाकात फारसे मुक्काम करत नाहीत. येतात, आजारी पाडतात, जातात. औषधांशी त्यांची गाठ कमी पडते, म्हणून पेनिसिलिनला ते बहुधा दाद देतात. १४, १९एफ, ६बी, २३एफ, १९ए हे लहान मुलांच्या नाकात महिना महिना राहणारे. मुलाला कानदुखीसाठी, जुलाबासाठी, नुसत्या तापासाठी जे जे प्रतिजैविक दिलं जातं ते त्यांच्यापर्यंत पोचतंच, आणि त्यातून टिकतात ते पुढच्या मुलाकडे जातात. प्रतिकार याच घराण्यात साठत गेला आहे. क्रमांक आणि प्रतिकार एकत्र बघितल्याशिवाय दोन्हींतलं एकही कळत नाही, ते यामुळे.

आता शिरूर आणि दौंडकडे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला लोक ओळखतात ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. वैद्यकाच्या जगात मात्र या गावाचं नाव वेगळ्याच कारणाने जातं. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम रुजवलं, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची, लाखाहून अधिक माणसांची नोंद इथे सातत्याने ठेवली जाते : जन्म, मृत्यू, स्थलांतर. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा वढूच्या परिसरात श्वसनाच्या आजाराने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची पाहणी राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साथीने सुरू झालेली होती. खेड्यातल्या किती माणसांना फ्लूमुळे रुग्णालय गाठावं लागतं, याचे भरवशाचे भारतीय आकडे ज्या थोड्या जागांवरून आले त्यांत ही एक.

अशा नोंदींची किंमत एका साध्या गोष्टीत आहे. शहरातलं मोठं रुग्णालय फक्त पोचलेला रुग्ण मोजतं; तो किती माणसांतून आला हे त्याला सांगता येत नाही. मोजलेली गावं पाठीशी असली की ते सांगता येतं.

न्यूमोकोकसच्या बाबतीत मात्र मोजलेल्या गावांनाही पुरून उरेल असा अडथळा आहे. दौंडच्या बाजूला गळिताच्या हंगामात उसाच्या फडालगत कोप्या पडतात. बीड-नगरकडून आलेली कुटुंबं, थंडी, चुलीचा धूर, एका कोपीत चार-पाच मुलं. न्यूमोकोकस एका नाकातून दुसऱ्या नाकात जायला याहून सोयीचं काय हवं? बाळाचं पोट उडायला लागलं की आई म्हणते ‘डबा झालाय’. मग मुकादमाची परवानगी, जवळचा दवाखाना, एक इंजेक्शन आणि पुडीतून दोन दिवसांच्या गोळ्या. उतार पडला नाही तर दौंडचं सरकारी रुग्णालय, तिथून पुण्याचं ससून रुग्णालय. ससूनमध्ये बाळाचं रक्त बाटलीत घेतलं जातं, तोवर त्याच्या अंगात दोन-तीन प्रतिजैविकं गेलेली असतात. बाटलीत काही वाढत नाही. अहवालावर लिहिलं जातं : वाढ नाही.

न्यूमोकोकस तसाही प्रयोगशाळेला छळणारा जंतू. त्याला मेंढीच्या रक्ताचं माध्यम लागतं, थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि वाढला तरी जुना झाला की स्वतःच स्वतःला विरघळवून टाकतो. न्यूमोनियाच्या फार थोड्या मुलांच्या रक्तात तो मुळात सापडतो. जी सापडतात ती बहुतेक औषध न घेता थेट मोठ्या रुग्णालयात आलेली. पहिलं इंजेक्शन गावातच घेतलेलं दौंड-शिरूरकडचं मूल देशाच्या आकड्यांतून गळून जातं. ज्या सवयीने प्रतिकार वाढतो त्याच सवयीने त्याचा पुरावाही पुसला जातो. पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेतले आकडे हे आपल्या खेड्यांचं चित्र आहेत असं धरून चालणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. ते मोठ्या रुग्णालयांचं चित्र आहे.

कवचाच्या क्रमांकांना खरा मान परत मिळाला तो लशींमुळे. १९७७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ऑस्ट्रियन यांच्या चिकाटीतून १४ प्रकारांची लस आली. ती पेनिसिलिन हातात असताना कशाला हवी, असं त्यांना वर्षानुवर्षं ऐकावं लागलं होतं. ती लहान बाळांवर चालत नव्हती. बाळांसाठीची, कवचाची साखर प्रथिनाला जोडून केलेली लस २००० मध्ये निघाली. तिच्यात सात प्रकार होते, आणि ते अमेरिकी मुलांच्या जंतूंवरून ठरवलेले होते. आपल्याकडे सर्रास दिसणारे १ आणि ५ तिच्यात नव्हतेच. लशीच्या वापरानंतर तिथे तिच्याबाहेरचा १९ए फोफावला, तोही बऱ्याच औषधांना दाद न देणारा.

भारतासाठी सोयीची लस शेवटी पुणे जिल्ह्यातच झाली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांची लस तयार करताना आशिया-आफ्रिकेतल्या जंतूंकडे बघून क्रमांक निवडले. दुसऱ्या कंपनीच्या दहा प्रकारांच्या जुन्या लशीतले ४ आणि १८सी वगळले, ६ए आणि १९ए घेतले. १ आणि ५ आहेतच. डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात आली. घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचा प्रतिरक्तद्रव काढत १९६६ मध्ये सुरू झालेली ही संस्था. न्यूमोनियाचा पहिला प्रकारनिहाय उपचारही घोड्यांच्याच रक्तातून आला होता.

सरकारी लसीकरणात न्यूमोकोकसची लस २०१७ मध्ये हिमाचलसारख्या मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर पोचली. बाळाला सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात, असे तीन डोस. लशीने लशीतले प्रकार नाकातूनही कमी होतात, म्हणजे प्रतिजैविकांना सरावलेलं घराणंच मागे हटतं. रिकाम्या जागेत दुसरे क्रमांक येतात, हा अमेरिकेतला अनुभव आपल्याकडेही येणार. ते कोणते, हे ओळखायचं तर जंतू हाती लागला पाहिजे. २०१४ पासून बऱ्याच वरच्या प्रतिजैविकांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवण्याचा नियम आहे. त्या नियमाचं काय होतं हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा दोनच विनंत्या. शिरूर, दौंड, शिक्रापूर, केडगाव या भागातल्या ज्या डॉक्टरांकडे रक्त तपासणीला पाठवण्याची सोय आहे, त्यांनी न्यूमोनियाच्या गंभीर रुग्णाला पहिलं प्रतिजैविक देण्याआधी कल्चरची बाटली भरून घ्यावी. रुग्ण अत्यवस्थ असेल तर औषध थांबवू नये, पण काय दिलं ते चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवावं. आणि घरच्यांनी मोठ्या रुग्णालयात जाताना आधीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड बरोबर घेऊन जावं.